जनावरांवाचून बाग नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पुण्यातली नोकरी संपली की गावी येणार, घरामागच्या परड्यात भाजीपाला करणार, हे वाचून जीव सुपाएवढा झाला. पण पुढे लिहिलंयस, "शेणामुताचा व्याप नको, जनावर एकही ठेवणार नाही." तेवढं मात्र मला पटलेलं नाही. बाग जरूर कर, पण दावणीला एक तरी म्हैस असू दे. आपल्या खानापूर भागात उन्हाळ्यात परडं हिरवं राहतं ते जनावरांच्या जिवावर.

सध्या मलप्रभेच्या पात्रात खडक उघडे पडलेत. नदीचा उगम इथून जवळच, कणकुंबीला, तरी मे महिन्यात ही गत. विहीरही तळाला गेलीय. अशा वेळी पाण्याचा पहिला मान म्हशीचा. कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं ऊन तिला गाईपेक्षा जास्त बाधतं. दुभती म्हैस या दिवसांत ६०-७० लिटर पाणी सहज पिते. शिवाय भर दुपारी अंगावर घागरी ओताव्याच लागतात, नाहीतर संध्याकाळच्या धारेला दूध कमी आलंच म्हणून समज.

तू म्हणशील, एवढं पाणी झाडांनाच घातलं तर? अरे, ते झाडांनाच जातं. गोठ्याची फरशी मी परड्याकडं उतरती करून घेतलीय. म्हैस धुतलेलं पाणी शेणमूत घेऊन पाटानं वांगी आणि दोडक्याच्या वाफ्यात उतरतं. पातळ झालेलं असल्यानं रोपं करपत नाहीत. म्हशीनं तुडवून टाकलेलं भाताचं पिंजर मी मिरचीच्या आळ्यात पसरतो. काल दुपारी ते बाजूला करून बोट घातलं. वरचा थर कडकडीत वाळलेला, पण खाली माती गार आणि भुसभुशीत. मिरचीची केसासारखी पांढरी मुळं त्या कुजक्या पिंजरातच शिरलेली. असा ओलावा नुसत्या बादल्या ओतून टिकत नाही.

वैरणीचं मात्र बघावं लागतं. नुसत्या पिंजरावर म्हैस अंग धरत नाही. म्हणून बैलहोंगल-सौंदत्तीकडचा ज्वारीचा कडबा घेतो. महाग पडतो, पण जनावर तो आवडीनं खातं. आपल्याकडं फणस पिकले की त्यांची सालं, काकडीच्या उपटलेल्या वेली, भाजीचा निवडलेला पाला, सगळं दावणीत जातं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: वळीव झाल्यावर कापलेल्या कडवळाला, म्हणजे वैरणीच्या ज्वारीला, जे कोवळे फुटवे येतात, त्यात जनावराला सोडायचं नाही. त्या फुटव्यांत विष असतं, बघता बघता जनावर आडवं होतं.

कोंबड्याही ठेवच. वाफे उकरायला घेतले की त्या मागं मागं असतात. हुमणीची पांढरी अळी दिसली रे दिसली की उचललीच. रोपं लहान असताना तेवढी त्यांना डालग्याखाली झाकायची.

त्रास आहे, नाही म्हणत नाही. पहाटे उठावं लागतं, लग्नकार्याला गेलं तरी धारेच्या वेळेला परतावं लागतं. पावसाआधी घटसर्पाची लस टोचून घ्यायची असते, त्यासाठी दवाखान्यात खेपा होतात. पण सकाळी गोठ्यात पाऊल टाकलं की म्हैस मान वळवून हुंकारते, तेव्हा मला खरंच फार बरं वाटतं रे. तुलाही वाटेल.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत चार दिवस येऊन जा. नंतर धूळवाफ पेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरताना, मला मान वर करायला सवड होणार नाही. आलास की तुझं परडं दोघं मिळून पाहू, गोठा कुठं बसवायचा आणि पाणी कुठल्या अंगाला उतरवायचं ते ठरवू. भिंत घालून झाल्यावर उतार बदलणं फार कठीण जातं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र