एकोणपन्नासावी पायरी

चि. मनू हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आज वाचता यायचं नाही. जोडाक्षर आलं की तू त्यावर बोट ठेवून थांबतेस, आणि माझं अक्षर तुझ्या पहिलीच्या पुस्तकाइतकं सुबकही नाही. दोन-तीन वर्षांनी वाच. लिहायला मात्र आजच बसलो, कारण काल रविवारी पर्वतीवर जे झालं ते अजून ताजं आहे, आणि त्यातलं काहीच मला निसटू द्यायचं नाही.

आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती पायथ्याशी कट्ट्यावर बसली. छोटू माझ्या खांद्यावर. आई पाण्याची बाटली घेऊन मागे. आणि सगळ्यांच्या पुढे तू, स्वेटर कमरेला बांधून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मोठ्यानं आकडा म्हणणारी. पर्वतीच्या पायऱ्या १०३. पहिल्यांदा तू स्वतःच्या पायांनी चढलीस तेव्हा तीन वर्षांची होतीस. सतरा पायऱ्या झाल्या आणि हात वर करून म्हणालीस, "कडेवर." काल तू ठरवूनच आली होतीस की सगळ्या चढायच्या आणि सगळ्या मोजायच्या.

शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस...

माझं लक्ष नव्हतं. छोटू माझे केस ओढत होता. तू ठेक्यात चढत राहिलीस, पुन्हा अठ्ठेचाळीस आलं, पुन्हा एकोणचाळीस, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण अशाच मोजत गेलो असतो तर पर्वती कधी संपलीच नसती.

मी तुला थांबवलं आणि सांगितलं की अठ्ठेचाळीसच्या पुढे एकोणपन्नास. तू म्हणालीस, "पण अजून पन्नास आलेच नाहीत, मग त्यांचं नाव आधी कसं घ्यायचं?" हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. आपण सगळे पाठ करून मोकळे होतो. मग तिथेच कडेला बसून मी तुला सांगितलं की एकोण म्हणजे एकानं कमी. एक आणि ऊन, ऊन म्हणजे उणं. वजाबाकीतला उणे असतो ना, तोच. तू आधी आकाशाकडे पाहिलंस, उन्हाकडे. मग म्हणालीस, "म्हणजे पन्नासला एक कमी पडतोय."

हो. पन्नासला एक कमी पडतोय.

तुझा जन्म २०१९ सालच्या एप्रिलमधला. त्याच वर्षी जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर केवढा वाद झाला. तू मांडीवर होतीस आणि मी तावातावानं सांगत होतो की आमची मुलं एकवीसच म्हणतील. आता तुला सदुसष्ट आणि शहात्तर यांच्यात अडखळताना रोज बघतो, तेव्हा ती पद्धत आणणाऱ्यांची कळकळ मला समजते. मुलांना वाट सोपी करून द्यायला हवी, हे खरंच. तरी एकोण मात्र तुझ्याजवळ राहावं असं फार वाटतं. कारण काल त्या शब्दाचं तू जे केलंस, ते मला कधी सुचलं नसतं.

पण आधी दहा पायऱ्या. मी म्हटलं, चल, आपण खरं तर एकोणसाठाव्या पायरीवर आहोत, इथून पुढे साठ म्हण. तू ऐकलं नाहीस. चुकीचं मोजलेलं तसंच पुढे न्यायचं नाही, असं तुझं म्हणणं. तू दहा पायऱ्या खाली उतरलीस, एकोणपन्नासाव्या पायरीवर दोन्ही पाय टेकवलेस, नाव नीट घेतलंस आणि मग वर आलीस. आई आणि मी वरून बघत उभे. मनू, त्या दहा पायऱ्यांचं मला जे कौतुक वाटलं ते तिथे बोलता आलं नाही. इथे लिहून ठेवतो.

वर पोचल्यावर देवदेवेश्वराला नमस्कार करून तू कठड्याशी उभी राहिलीस. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं हे मंदिर. खाली सगळं पुणं पसरलेलं. तू पुणं पाहिलंच नाहीस. आम्हाला एकेक करून मोजलंस आणि म्हणालीस, "आजी खाली आहे. म्हणजे आत्ता आपण एकोणपाच."

आईनं माझ्याकडे पाहिलं. चार म्हटलं असतं तर आजी मोजणीतूनच गेली असती. एकोणपाच म्हटल्यावर ती होती, फक्त खाली होती.

तू चालायला कशी लागलीस तेही इथेच सांगतो, कारण त्याला साक्षीदार आम्ही घरातलेच. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला, आणि तुझा पहिला वाढदिवस बंद दाराआड झाला. त्याच्या आधी मी तुला चुक-चुक वाजणारे लाल बूट आणून ठेवले होते, वाढदिवसाला घालून तुला सारसबागेत न्यायचं म्हणून. तू चाललीस ती घरात. सोफ्याचा आधार सोडलास आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अकरा फरश्या, अनवाणी. मी घरी होतो म्हणून मला त्या दिसल्या. बाहेर पडता आलं तेव्हा बूट पायात जाईनात. ते अजून खोक्यात आहेत, आणि तळव्याला धुळीचा कणही नाही. छोटू चालायला लागला तेव्हा मात्र मी हिंजवडीच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. आजीनं व्हिडिओ पाठवला. मी तो बसमध्ये चार वेळा पाहिला आणि पाचव्यांदा बघवेना. त्याला हे कधी तरी मीच सांगेन. तू आधी सांगू नकोस.

खाली उतरल्यावर आजीनं पेरू घेऊन ठेवला होता, तिखट-मीठ लावलेला. दुसऱ्याच फोडीत तू थांबलीस. फोड हातात धरून बघत राहिलीस. पांढऱ्या गरात तुझा खालचा पुढचा दात रुतला होता, साळीच्या दाण्याएवढा, आणि शेजारी रक्ताचा एक ठिपका. तू रडली नाहीस. छोटू रडला. आजीनं दात रुमालाच्या टोकाला बांधला आणि सांगायला लागली की वाड्यात राहायचो तेव्हा पडलेला दात कौलांवर टाकायचो. आपल्या घराला कौलं नाहीत, तेव्हा आज सकाळी तो तुळशीच्या कुंडीत पुरला. तू वर पाणी घातलंस. जरा जास्तच.

येताना सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला गेलो. थंडी म्हणून त्याला स्वेटर आणि कानटोपी घातलेली. छोटू "बाप्पा टोपी, बाप्पा टोपी" करत राहिला आणि तू जीभ नव्या खिडकीत घालून गप्प होतीस.

रात्री तू विचारलंस, एकूण दात किती असतात. दुधाचे वीस, असं मी सांगितलं. तू लगेच म्हणालीस, "मग माझे आता एकोणवीस." एकोणीस, मी म्हटलं, 'व' कुठे तरी पडलाय त्यातला. हे तुला फार आवडलं. दोघांचंही काहीतरी पडलेलं.

मग मी मोबाइलचा टॉर्च लावून तुझं तोंड बघितलं. सगळ्यात मागे, खाली डावीकडे, हिरडीतून काहीतरी पांढरं वर आलं होतं. दाढ. सहाव्या वर्षाच्या आसपास येते ती, आणि ती कुणाच्याच जागी येत नाही. तिच्यासाठी आधी कोणी पडावं लागत नाही, मागे नवीनच जागा होते. तुला दुखलं नव्हतं, आम्हाला कळलं नव्हतं. आजी, आई, मी, सगळ्यांनी पाळीपाळीनं टॉर्च धरून पाहिलं. तू आरशात बघून बोटं मोजलीस आणि वीस म्हणून झोपायला गेलीस.

दिवा घालवताना अंधारातून तुझा शेवटचा प्रश्न आला. एकोणनव्वद असतं, मग एकोणशंभर का नाही, नव्याण्णव का? मला माहीत नाही, मनू. कुणाला तरी विचारून सांगेन.

छोटूची मोजणी अजून दोनवरच आहे. पायरी दोन, कावळा दोन, बाप्पा दोन. पुढच्या रविवारी तो थोडा वेळ खाली उतरून चालणार म्हणतोय. त्याचा हात तू धर, पायऱ्याही तूच मोज. मी आजीला हात देऊन, जमेल तेवढ्या पायऱ्या, मागून येतो.

तुझा,
बाबा