आई, पाटल्यांच्या पैशांचं सांगायचंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा विषय पाण्याच्या टाकीवर गेला, म्हणून लिहितेय. आई, तू पाटल्यांसाठी दिलेल्या पैशांतून मी सायकलचा ट्रेनर घेतला, म्हणजे घरातल्या घरात सायकल चालवायचं यंत्र. तीन महिने झाले. रागव हवं तर, पण आधी पत्र पूर्ण वाच. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांनी चष्मा अजून बदलला नसणार.

कात्रजच्या उतारावर पडले तेव्हा तू शपथ घातलीस, आणि मी सायकल बाल्कनीत उभी केली ती केलीच. हात सहा आठवड्यांत बरा झाला. पण सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळेनासं झालं होतं. ताईच्या वेळचं सगळं नुकतंच कुठे निवळत होतं, म्हणून तुम्हाला बोलले नाही. मे महिन्यात आले नाही ते रजा नव्हती म्हणून नाही, आई. कुणासमोर यावंसंच वाटत नव्हतं.

शपथ मोडलेली नाही. सायकल घरातच आहे. तिचं मागचं चाक काढून चेन ट्रेनरवर चढवायची आणि समोर लॅपटॉपवर झ्विफ्ट नावाचं ॲप लावायचं. पडद्यावर चढ आला की ट्रेनर आपोआप जड होतो, उतार आला की हलका. एखाद्याच्या मागे राहून चालवलं तर वारा कमी लागतो, तेही त्यात धरलेलं आहे. ट्रक नाही, खड्डा नाही, कुत्रं मागे लागत नाही. खाली जाड मॅट घातलीय, खालच्या काकूंना आवाज जात नाही हे त्यांनाच विचारून आले. समोर मोठा पंखा आहे. उपाशीपोटी बसत नाही. आधी केळं खाते, उतरल्यावर तुझा डिंकाचा लाडू. लाडू संपत आलेत.

बाबा, तुम्ही म्हणाल, हा व्हिडिओ गेम झाला, सायकल कुठली? मलाही पहिले दोन आठवडे तसंच वाटलं. पण डिसेंबर 2020 मध्ये याच ॲपवर सायकल ईस्पोर्ट्सची, म्हणजे अशा पडद्यावरच्या शर्यतींची, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑसबॉर्न, जो मुळात नौकानयनपटू. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने नौकानयनात रौप्य मिळवलं. पाय खरेच लागतात, बाबा, दमही खराच लागतो.

त्यात एक घाट आहे, फ्रान्सच्या आल्प द्युएझवरून बेतलेला. सुमारे 12 किलोमीटर, हजार मीटरहून जास्त चढ आणि 21 वळणं. पहिल्यांदा गेले तेव्हा सातव्या वळणावर मांड्या भरून आल्या, उतरणारच होते. तेव्हा आपला यवतेश्वरचा घाट आठवला, बाबा. दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचात, चढाला स्वतः उतरून ढकलायचात आणि मला मात्र उतरू द्यायचा नाहीत. ‘चढाकडे बघू नको चिमे, वळणं मोज.’ तशीच मोजत गेले. दीड तास लागला. वर पोचल्यावर बराच वेळ रडले. दुःखाने नाही, आई, घाबरू नकोस. कुणी परके लोक पडद्यावर अंगठा दाखवून ‘राइड ऑन’ म्हणत होते, आणि कितीतरी महिन्यांनी मला उद्याची वाट बघावीशी वाटली.

आता आठवड्यातून चार दिवस चालवते. दर काही आठवड्यांनी वीस मिनिटं जीव तोडून चालवून ताकद मोजायची असते. आकडा वॉटमध्ये येतो. माझा 128 वरून 151 वर गेलाय. हे आकडे इथे सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आता बाबांचं. दिवाळीला येताना ट्रेनर गाडीत घालून आणतेय. ठरलंय, ‘कशाला उगाच’ नको. स्टेंट टाकल्यापासून तुमची सायकल गंजतेय आणि तुम्ही खिडकीत बसून असता, ते मला इथून दिसतं. चार दिवस माझाच ट्रेनर वापरून बघा, सीट तुमच्या उंचीला लावून देईन. आवडला तर तुमच्यासाठी दुसरा घेऊ. त्यात आपल्याआपल्यात फेरी ठरवली की सगळ्यांना एकत्र ठेवायची सोय आहे. मी जोरात मारलं आणि तुम्ही हळू, तरी आपण शेजारीशेजारीच राहतो. तुम्ही साताऱ्यात, मी पुण्यात.

पण त्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ‘विचारलं’ असं नुसतं सांगायचं नाही, त्यांच्याकडून लिहून आणायचं. मग पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, सपाट रस्ता, बोलता येईल इतकाच दम. छातीत किंवा हातात काही वाटलं की लगेच थांबायचं. घाट नाही. सकाळची गोळी चुकवायची नाही. चष्मा या आठवड्यात.

आई, पाटल्या राहतील असं समजू नकोस. पगारातून दर महिन्याला बाजूला टाकतेय, पुढच्या पाडव्याला तूच पसंत कर. तोवर एक काम कर. पुढच्या खोलीतली शिलाई मशीन जरा भिंतीकडे सरकव, तिथे पंखा लागेल. आणि तुझी खुर्ची समोर ठेव. तू बघत असलीस की ते जास्त जोर लावणार नाहीत.

तुमची,
चिमी