धुक्याच्या शहरी असलेल्या लेकीस

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

कित्येक दिवसांत ऊन नाही, जीव उबगलाय आणि वर्गातलं सगळं डोक्यावरून जातंय, असं लिहिलंस. बाळा, चोंगचिंगचा हिवाळा तसाच. चीनभर त्या शहराला ‘धुक्याची राजधानी’ म्हणतात. यांगत्से आणि जियालिंग या नद्या तिथे मिळतात, त्यामुळे हवा कायम दमट. भोवती डोंगर, म्हणून वारा पडलेला. रात्री जमीन गार झाली की तिच्यालगतच्या हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि तिथेच तरंगत राहतात. एक किलोमीटरपलीकडचं दिसेनासं झालं, की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. हवा कोरडी असून धुरकट दिसली, घसा खवखवला, तर ते धुरकं. तेव्हा मास्क लावल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

धुक्यावर रागावू मात्र नकोस. १९३८ पासून जपानी विमानं त्या शहरावर बाँब टाकत होती. हिवाळ्यात वैमानिकांना खालचं दिसेना, हल्ले ओसरत, माणसं जरा दम खात. त्याच महिन्यांत नाटकांचे प्रयोग रंगत. युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीसही, चिनी कम्युनिस्टांच्या येनान या तळावर जाण्याआधी, तिथे राहिले होते.

काही कळेनासं झालं की चिनी माणूस म्हणतो, ‘पाच ली धुक्यात सापडलो.’ ली हे अंतराचं चिनी माप. ही गोष्ट हान राजघराण्याच्या प्राचीन काळातल्या चांग काय नावाच्या पंडिताची. शिष्यांची, सरदारांची रीघ लागायची, म्हणून तो गाव सोडून डोंगरात गेला. पाच ली, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर, धुकं पाडायची विद्या त्याला येते अशी ख्याती होती. पेइ यौ नावाच्या एकाला तीनच ली जमे. तो शिकायला आला, तर चांग काय लपून बसला, भेटलाच नाही. पुढे पेइ यौ धुक्याआड चोऱ्या करताना पकडला गेला आणि विद्या चांग कायकडून शिकलो म्हणाला. त्यापायी बिचाऱ्या चांग कायला दोन वर्षं तुरुंग! पण तिथेही तो ग्रंथ म्हणत राहिला, एका प्राचीन ग्रंथावर भाष्य लिहून काढलं. मला हा माणूस फार आवडतो.

दू फू ह्या चिनी कवीने ७७० साली, आजारपणात नावेत राहत असताना लिहिलंय, की म्हातारपणी फुलं धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय; तिला हे सांगितलं तर म्हणाली, “अगदी खरं आहे गं.” ती ओळ तुमच्या चिनीच्या बाईंकडून म्हणवून घे आणि रेकॉर्ड करून पाठव. आजीला ऐकायचीय.

तुझी,
आई