शनिवारची सकाळ मला दे

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालास, "बाबा, आता शिट्टी खुंटीला टांगा." रागावलो नाही. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

बास्केटबॉल शिकवतोस, म्हणजे हा खेळ शोधणाऱ्या नायस्मिथचं नाव तुला सांगायला नको. त्यानं तो शोधला त्याच अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत (ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत) अमोस अलोन्झो स्टॅग नावाचे मास्तर होते. जन्म 1862चा. येलमध्ये धर्मशास्त्र शिकायला गेले, पाद्री व्हायचं सोडून फुटबॉलचे कोच झाले. (आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन, चेंडू काखोटीला मारून धडका द्यायचा तो.) खुद्द नायस्मिथ त्यांच्या संघात खेळायचा. मार्च 1892 मध्ये बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला, मास्तर विरुद्ध विद्यार्थी. पोरांनी 5-1 असं लोळवलं. मास्तरांचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा!

मग शिकागो विद्यापीठ, तिथे फुटबॉलचे 41 सीझन. कॉलेजांमधला बास्केटबॉलचा पाच-पाच खेळाडूंचा पहिला सामना 1896चा मानतात, तोही त्यांच्याच शिकागोचा. आयोवाला 15-12 हरवलं आणि दोन्ही बाजूंनी एकही खेळाडू बदलला नाही. तुझी पोरं दहा मिनिटांत धापा टाकतात.

सत्तरी झाली तसं नियमावर बोट ठेवून शिकागोनं त्यांना मैदानातून उठवलं. म्हातारा कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेला आणि 1943 मध्ये, 81व्या वर्षी, कोच ऑफ द इयर ठरला!

आता मुद्द्याचं. 1947 मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना विद्यापीठात गेले. तिथे आधीपासून कोच कोण, तर त्यांचाच थोरला मुलगा. पंच्याऐंशीचा बाप लेकाच्या संघाला शिकवायला उभा राहिला, तोही 1952 पर्यंत. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये 1960 पर्यंत किक मारायला शिकवत होते. 102 वर्षं जगले.

मी तर अजून सत्तरीलाही टेकलो नाही. तुझ्या सहावी-सातवीच्या पोरांना चेस्ट पास (छातीजवळून दोन्ही हातांनी चेंडू देणं) धड येत नाही. मनगट वापरतच नाहीत, नुसतं दंडानं ढकलतात. शनिवारची सकाळ मला दे. तुझ्या डावपेचांत बोलणार नाही, पंचांशी हुज्जत घालणार नाही (प्रयत्न करीन). मानधन नको, चहा तेवढा शाळेचा. गुडघ्याचं म्हणशील, तर डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

आईला अजून बोललो नाही. तू हो म्हण, मग तूच तिला सांग.

तुझे,
बाबा