गोरी, निमगोरी आणि शब्दागणिक दर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण वर्णभेदावर पानभर लेख छापलात. लेख चांगला होता. तक्रार आहे ती त्याच अंकातल्या वधू-वर जाहिरातींच्या पानाबद्दल. 'गोरी', 'गोरीपान', 'उजळ', 'निमगोरी' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारत गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं, कारण पान शाळेतल्या वहीसारखं दिसायला लागलं. 'सावळी' एकदाच सापडली, तीही 'सावळी पण स्मार्ट' अशी. मुलांचा रंग मात्र कुणीच लिहिलेला नाही. त्यांचं पॅकेज आणि वन बीएचके लिहिलंय.

मी परळला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे टीव्ही बघायला वेळच वेळ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या चाळीत टीव्ही आला तो त्यानंतर काही वर्षांनी, तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडात, शटरच्या लाकडी पेटीतला. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तेव्हा निळी काच लावायची पद्धत होती. त्यामुळे बातम्या देणारी बाई निळी आणि 'आमची माती आमची माणसं'मधला शेतकरीही निळाच. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि कोण किती गोरं हे सगळ्यांना दिसायला लागलं.

काही वर्षांपूर्वी एका मराठी मालिकेची नायिका चक्क सावळी होती. रंगावरून तिचा छळ व्हायचा, मी आणि माझ्या जाऊबाई नेमाने डोळे पुसत बघायचो. पण नटी मुळात गोरी, तिला रोज काळा रंग लावून उभी करायचे. जाऊबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नव्या नजरेने त्यांनीच दाखवलं, "अगं, कानामागे बघ, रंग पोचलाच नाही." त्यानंतर आमचं गोष्टीकडे लक्ष कमी आणि कानाकडे जास्त. सावळ्या मुलीचं दुःख सांगायलाही सावळी मुलगी मिळू नये? एकांकिका स्पर्धांना जाऊन बघा, जीव ओतून काम करणाऱ्या अशा कितीतरी मुली दिसतील. मालिकेत त्या मोलकरीण होतात, फार तर नायिकेची मैत्रीण.

आणि मधल्या ब्रेकमध्ये क्रीम असतंच. १९७५ पासून घराघरांत शिरलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. तिकडे मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, त्यावरून जगभर मोर्चे निघाले, आणि आमच्याकडे ट्यूबचं नाव बदललं. नाक्यावरचा मेडिकलवाला अजून जुनंच नाव घेतो, गिऱ्हाईकही तेच मागतं. (सावळ्या विठ्ठलाचं उदाहरण कृपा करून कुणी देऊ नये. विठ्ठलाला सून म्हणून घरात आणायचं नसतं.)

राजकारण्यांचं काय सांगावं! मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन धामधुमीत, काँग्रेसचे सॅम पित्रोदा बोलून गेले की पूर्वेकडचे भारतीय चिन्यांसारखे दिसतात, पश्चिमेकडचे अरबांसारखे, दक्षिणेकडचे आफ्रिकनांसारखे. पंतप्रधानांनी सभेतून सुनावलं, पित्रोदांनी पद सोडलं, आणि टीव्हीवर आठ चौकोनांतून आठ माणसं एकमेकांवर ओरडत राहिली. कुठला पक्ष बरोबर यात मी पडत नाही. पण एवढ्या ओरडाआरडीत 'आफ्रिकनांसारखे दिसलो तर बिघडलं काय?' असं विचारणारा मला तरी कुणी दिसला नाही. ती शिवीच आहे, यावर बहुधा सर्वपक्षीय एकमत होतं. आमच्या जाऊबाईंनी पश्चिमेपुरता निकाल देऊन टाकला, "अरब गोरे असतात गं, चालेल."

क्रिकेटची गोष्ट तर आपल्या मुंबईचीच आहे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी वर्णावरून शिवीगाळ केली. त्याने तक्रार केली, खेळ थांबला, ६ प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर संताप चालला होता आणि तो योग्यच होता. पण ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे हावभाव करणारे कोण होते? त्यांनाही पोलिसांनी बाहेर काढलं होतं. माझा मुलगा त्या दिवशी मॅचला गेला होता. कुठल्या स्टँडमध्ये बसला होतास, हे मी त्याला कधी विचारलं नाही. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "गंमत चालली होती गं." सिडनीतल्या प्रेक्षकांनीही त्यांच्या घरी हेच सांगितलं असेल. पुढे वेस्ट इंडीजचा पोलार्ड मुंबई इंडियन्सकडून खेळायला लागला, तेव्हा त्याच वानखेडेवर याच मुलाने घसा बसेपर्यंत 'पोलार्ड, पोलार्ड' ओरडून घेतलं. आपल्या टीममध्ये आला की माणूस सिक्सर मारतो, मग रंग कोण बघतो!

आता माझंही सांगते, नाहीतर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही. २००४ मध्ये मुलीसाठी जाहिरात द्यायला मी दादरच्या एका एजन्सीत गेले होते. मुलगी सावळी, कागदावर तसंच लिहून नेलं होतं. काउंटरवरचे गृहस्थ पेनाच्या टोकाने शब्द मोजत होते. 'सावळी'वर पेन थांबलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "ताई, निमगोरी करू का? एकच शब्द आहे, पैसे तेवढेच." मी "करा" म्हटलं. विचार करायला अर्धं मिनिटसुद्धा घेतलं नाही. रविवारी मुलीने पेपर उघडला, जाहिरात वाचली आणि म्हणाली, "आई, ही कोण?"

पुढे तिचं लग्न तिनेच जमवलं, जाहिरातीचे पैसे फुकट गेले.

तेव्हा एक सूचना. हे शब्द छापूच नका असं मी म्हणत नाही, तुम्हालाही पेपर चालवायचाय. फक्त दरपत्रकात एक ओळ वाढवा: रंगाच्या शब्दाला दहापट दर. 'एम.एस्सी.' नेहमीच्या दरात, 'गृहकृत्यदक्ष' नेहमीच्या दरात, 'गोरी'ला दहापट. 'निमगोरी'ला हवं तर पाचपट घ्या, अर्धीच गोरी म्हणून. हॉल आणि जेवणावळीवर लाखांनी उडवणारी माणसं जाहिरातीतला 'आणि' कापून दोन पैसे वाचवतात, हे मी त्या काउंटरवर उभी राहून पाहिलंय.

आपली,
एक जुनी वाचक, परळ