वणाकबाऱ्याच्या वाटेवरील बेनना

आदरणीय बेन,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीतच लिहीत आहे. त्या संध्याकाळी दीव बेटावर स्कूटर पंक्चर होऊन आम्ही मायलेकी रस्त्याकडेला उभ्या असल्याचे पाहूनही ज्या मोटारी पुढे निघून गेल्या, त्यांतील निदान एकीवर आपल्याच महाराष्ट्राचा क्रमांक होता, आणि त्या मंडळींच्या वाचनात हे यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मजकूर तुम्हाला वाचून दाखवण्याचे तुमच्या मुलाने फोनवर कबूल केले आहे. तुम्हाला आवडणार नाही म्हणून नाव मात्र लिहीत नाही.

माझी आई जालना जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होती. 'गोवा, दमण आणि दीव' हा केंद्रशासित प्रदेश तिने मुलांकडून एका दमात म्हणवून घेतला. ३० मे १९८७ रोजी गोव्याचे स्वतंत्र राज्य झाले आणि पाठ बदलावा लागला, तेव्हापासून सौराष्ट्राच्या किनाऱ्याला चिकटलेला नकाशावरील दीवचा ठिपका एकदा डोळ्यांनी पाहावा, असे तिच्या मनात राहून गेले होते. सोमनाथाच्या दर्शनानंतर तो योग आला. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम अकरा-बारा किलोमीटर लांब, रस्ते सपाट आणि किनाऱ्याला धरून जाणारे. तेव्हा भाड्याच्या स्कूटरइतके सोयीचे वाहन तेथे दुसरे नाही. गुडघा दुखत असतानाही आई मागे बसली ती हौसेनेच. किल्ल्यावर तो बांधल्याचे १५३५ साल तिने मी विचारण्याआधीच सांगितले. चक्रतीर्थाजवळच्या आयएनएस खुकरीच्या स्मारकापाशी मात्र ती काहीच बोलली नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री त्या युद्धनौकेबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले, आणि ती बातमी तिने ऐन तरुणपणी रेडिओवर ऐकली होती. जालंधरचा किनारा, फुदमचे गंगेश्वर मंदिर, नागोआची घोड्याच्या नालेच्या आकाराची चौपाटी आणि तेथील फांद्या फुटलेले होक्याचे ताड हे सारे पाहून झाल्यावर, बेटाच्या पश्चिम टोकाला गोमतीमातेच्या किनाऱ्यावरून सूर्यास्त पाहावा, असा तिचा हट्ट होता. मराठवाड्यात आयुष्य गेलेल्या बाईला समुद्रात बुडणारा सूर्य पाहायचा होता, इतकेच.

स्कूटरचे मागचे चाक तुमच्या घराच्या थोडे अलीकडे बसले. सकाळी अनामत रक्कम मोजून घेताना 'टायर नवेकोरे आहेत' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदाराने फोनवर, गाडी ज्याच्या ताब्यात त्याची जबाबदारी, एवढे ऐकवून फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. हॉटेलातील गृहस्थांनी सहानुभूती व्यक्त केली. सहानुभूतीला पैसे पडत नाहीत. आपल्या क्रमांकाच्या त्या मोटारीने तर वेग कमी केला, आतून कुणीतरी काच उतरवून आमच्या मागच्या ताडांचे छायाचित्र घेतले आणि काच पुन्हा वर गेली.

तुमच्या मुलाने चाक कसे काढले, ते कुठे नेले आणि कसे जोडून आणले, याची हकीकत येथे लिहीत बसत नाही. त्याचे उपकार आहेतच, आणि त्याने मजुरी घ्यावी म्हणून मी घातलेला वादही त्याला आठवत असेल. पण पंक्चर आज ना उद्या कुणीही काढून दिले असते. मला आभार मानायचे आहेत ते खुर्चीचे.

'बा, बेसो' म्हणत तुम्ही आईला अंगणात सावलीला खुर्ची दिलीत, पाणी दिलेत, पाय टेकायला पाटही आणलात. तेथेच थांबला असतात तरी आम्ही जन्मभर तुमचे नाव काढले असते. परंतु आई पाणी पिता पिता सारखी मान वळवून आभाळाकडे पाहत होती, आणि ते तुमच्या लक्षात आले. तिने काही मागितले नव्हते. मीही बोलले नव्हते, कारण अनोळखी घराला अडचणीत टाकल्यावर वर सूर्यास्ताचे कौतुक सांगण्याचा संकोच वाटत होता. तुम्ही तिला उठवलेत, खुर्ची एका हातात घेतलीत, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरलात, अंगणात पसरलेले जाळे पायानेच बाजूला सारलेत आणि घरामागच्या उंचवट्यावर, जिथून समुद्र उघडा दिसतो, तिथे ती खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून मांडलीत. खुर्ची डुगडुगते असे पाहून एका पायाखाली शिंपला सरकवलात. 'स्कूटर तो राते पण थशे, सूरज नहीं रोकाय' (स्कूटर रात्रीही दुरुस्त होईल, सूर्य थांबायचा नाही) हे तुम्ही हसत म्हणालात, आणि चुलीवर काही ठेवले होते म्हणून लगेच आत निघूनही गेलात.

मदत करणारी माणसे अडचण सोडवतात, आणि ते थोडे नाही. पण अडचणीत सापडलेल्या माणसाला आपल्या आनंदाचा विषय काढण्याचीही लाज वाटू लागते, हे ओळखणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत. आम्ही सुशिक्षित लोक चौकशी करतो, क्रमांक देतो, शुभेच्छा देतो, आणि यांतले काहीही करायला जागचे उठावे लागत नाही. तुम्ही उठलात. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आई वर्गात बोलावे तशा खणखणीत आवाजात 'गोवा, दमण आणि दीव' असे म्हणाली आणि स्वतःच हसली. ते ऐकायला तुम्ही तेथे नव्हता, म्हणून कळवते.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने अनामत रकमेतून पंक्चरचे पैसे कापून घेतले, जे त्याने दिलेच नव्हते. माझा संताप झाला. आई म्हणाली की तुमच्या मुलाने न घेतलेली मजुरी अशी कुणाच्या तरी खिशात गेली, एवढाच तिला खेद आहे.

हे पत्र तिने वाचून तपासले, तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि स्वतःचा निरोप जोडायला सांगितले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की ती पुन्हा येणार आहे. त्या वेळी खुर्ची ती स्वतः उचलून नेईल, तुम्ही बसायचे, आणि चुलीवरचे भांडे मी सांभाळायचे, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
स्कूटरवाली मुलगी