कूलंटची बाटली बघायला शिकवलंत, वस्ताद

आदरणीय वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठे छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे फक्त वस्ताद. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तीन सिलिंडरची छोटी टर्बो पेट्रोल गाडी वापरणारे आम्ही पुष्कळ जण आहोत. या जातीच्या काही इंजिनांत कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, एक बारीक नळी तडकते आणि तिच्या पाठोपाठ इंजिन जातं, हे तुम्ही बोनेट उघडून, नळीवर आमचं बोट ठेवून दाखवलंत. बदलायला सांगितलेली नळी हजार-दोन हजारांच्या आत बसते, इंजिन उतरवायचं तर लाखाचा हिशेब होतो. तुम्ही जे शिकवलंत ते सगळं इथे लिहून काढतो आहोत, म्हणजे तुमच्यापर्यंत न पोचलेल्या गाडीमालकांनाही ते मिळेल.

आधी ती नळी. थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगजवळून किंवा हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) वरच्या अंगाने ती कूलंटच्या बाटलीकडे जाते. इंजिनात अडकलेली हवा आणि वाफ बाटलीत आणून सोडणं हे तिचं काम. ती नायलॉनची असते. शेजारी टर्बोची धग, रोजचं तापणं आणि निवणं, यातून काही वर्षांत तिचा लवचीकपणा जातो आणि निप्पलवर, म्हणजे तोटीवर, चढते त्या तोंडाशीच ती चिरते. बारीक आहे म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. पण चालत्या गाडीत या सगळ्या मार्गात १ बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि एवढ्या इंजिनात कूलंट असतं साधारण पाच-सहा लिटर. चीर मोठी असेल तर काही मिनिटांत ते रस्त्यावर सांडतं.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा काटा मधोमध उभा असतो. असं का होतं हे आम्हाला तोपर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं. पुष्कळ गाड्यांत काटा खरं तापमान दाखवतच नाही. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत कॉम्प्युटर तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवतो, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. दुसरं, सेन्सर मोजतो ते त्याच्याभोवतीच्या द्रवाचं तापमान. द्रव गेला आणि सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला की तो उशिरा आणि चुकीचं सांगतो. हेड जळत असताना काटा शांत राहू शकतो. म्हणून तापमान नव्हे, पातळी बघा, हे तुमचं सांगणं.

याची साक्ष लांबून मिळते. मार्च २०१७ मध्ये फोर्डने अमेरिकेत १.६ लिटर इकोबूस्ट या टर्बो पेट्रोल इंजिनाच्या दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कूलंटचं फिरणं अपुरं पडलं की हेड तापून तडकायचं, तेल गळायचं आणि आग लागण्याचा धोका होता. उपाय म्हणून त्यांनी कूलंटच्या पातळीचा सेन्सर बसवून दिला. कंपनीचे इंजिनिअर पोचले तेही पातळीवरच. त्याच घराण्यातल्या १.५ लिटर इंजिनात दोष निराळा निघाला: दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद भिंतीत वरून खाच कापलेली, त्यामुळे तिथे गॅस्केटला (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलला) धरायला जागा कमी, आणि कूलंट सिलिंडरमध्ये झिरपायचं. तिथे नळी बदलून भागत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो. छोट्या १ लिटर इंजिनाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये गाजला तो कूलंटच्या नळीचाच प्रश्न. कूलंट कमी होतंय एवढ्यावरून नेमकं काय बिघडलंय हे ठरत नाही, असं तुम्ही म्हणता ते याच कारणाने.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९७-९८ अंशांनाच उकळतं. इंजिनात ते उकळू नये म्हणून बाटलीचं टोपण दाब धरतं. त्यावर ०.९, १.१ किंवा १.४ असा आकडा छापलेला असतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि १.१ बारचं चांगलं टोपण, एवढं असलं तर मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर सुकलं की तेच मिश्रण इथे १०५ च्या आसपास बुडबुडायला लागतं. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढताना हा फरक लागतो. टोपण तीन-चार वर्षांनी बदला आणि आकडा तोच घ्या. जास्त आकड्याचं टोपण लावलं तर तो दाब जुन्या नळीवर येतो.

पंधरवड्याला एकदा, सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावर, सपाट जागी बाटली बघायची. पातळीवर मार्करने रेघ मारायची आणि शेजारी तारीख. ही रेघ खाली सरकायला नको. थंडी-उन्हाने दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. बोटभर खाली गेली तर कूलंट कुठेतरी गेलंय, आणि ते कुठे गेलं हे कळेपर्यंत नुसतं भरत राहायचं नाही. मग टॉर्च घेऊन बघायचं: नळीच्या दोन्ही तोंडांशी, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या सांध्यावर, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी, रेडिएटरचं प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम जुळतात त्या कडेला. वाळलेल्या कूलंटचा पांढरट, गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा दिसतो आणि गोडसर वास येतो. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला आणि बुळबुळीत असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. गाडीखाली पडलेलं एसीचं पाणी आणि कूलंट यांत घोटाळा होतो. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, एसीचं पाणी लागत नाही. चव मात्र कुणी बघू नये, ग्लायकॉल विषारी आहे. गोडीमुळे कुत्री चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन टाका. डिसेंबरच्या सकाळी हीटर चालू असताना इंजिन तापलेलं आणि हवा एकाएकी थंड यायला लागली, तर ती कूलंट उतरल्याची खूण समजा, काटा काहीही म्हणो.

आता तपासणीचा क्रम. यासाठी आम्ही तुमचे सर्वांत जास्त ऋणी आहोत. इतर ठिकाणी बाटली रिकामी दिसली की आधी हेड उघडायची भाषा होते. तुम्ही कधीच पाना आधी उचलत नाही. पहिली प्रेशर टेस्ट: थंड इंजिनावर बाटलीच्या तोंडाला हातपंप लावून टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि वीस मिनिटं काटा बघायचा. दाब उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर प्रश्न नळीचा किंवा सांध्याचा, काम स्वस्तात मिटलं. दाब उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर कूलंट आत चाललंय. मग दाब तसाच ठेवून काही तासांनी स्पार्क प्लग काढायचे आणि भोकातून कॅमेरा सोडायचा. दोन पिस्टन काळे आणि एक धुतल्यासारखा लख्ख किंवा ओला दिसला, की गळती त्याच सिलिंडरमध्ये.

यानंतर निळ्या पाण्याची टेस्ट. इंजिन चालू ठेवून बाटलीतली हवा टेस्टरमधल्या निळ्या द्रवातून ओढायची. जळलेला वायू त्यात असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. टेस्टरमध्ये कूलंट ओढलं गेलं तर निकाल फुकट, म्हणून आधी पातळी थोडी उतरवायची. एकदा निळं राहिलं म्हणून गॅस्केट चांगलं असं तुम्ही धरत नाही. बारीक गळती असली तर गाडी चढावर चालवून आणून पुन्हा बघता. सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट थरथर, पांढरा धूर आणि स्कॅनरवर एकाच सिलिंडरचा मिसफायर (नीट न पेटणं), ही साखळी दिसली की शंका उरत नाही. उलट तेलाच्या टोपणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून कुणी घाबरू नये. पावसाळ्यात गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने धरते. गेज काठी पुसून तेलच दुधट झालंय का ते बघावं.

नळी बदलताना तुमचा आग्रह ईपीडीएम रबराच्या, म्हणजे उष्णता आणि कूलंट सोसणाऱ्या रबराच्या, कूलंट होजचा. पेट्रोलची किंवा व्हॅक्यूमची नळी मापात बसली तरी ती कूलंटमध्ये टिकत नाही. आतला व्यास व्हर्निअरने मोजून घ्यायचा, निप्पलला ओरखडा असेल तर तोही बदलायचा, आणि स्क्रूच्या क्लिपऐवजी स्प्रिंगची क्लिप, कारण तापल्या-निवल्यावर ती स्वतःच पकड धरून राहते. पाच वर्षं झाली की नळी फुटायची वाट बघायची नाही.

भरण्याचं पाणी हा इकडचा जुना आजार. बोअरचं जड पाणी टाकलं की हेडच्या आतल्या अरुंद वाटांत चुना बसतो आणि तिथून उष्णता बाहेर येत नाही. तयार मिश्रण घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. रंगावरून कूलंट जुळवू नका. गुलाबी सगळी एक नसतात, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला दर्जा बघा. गळती थांबवायला हळद किंवा अंड्याचा पांढरा टाकणारे अजून आहेत. हळद रेडिएटरची चीर बुजवते की नाही कोण जाणे, हीटरचा कोअर आणि टर्बोची कूलंटची बारीक वाट मात्र नक्की बुजवते. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणजे गाडी गार राहील, हा सल्लाही ऐकू नये. पुष्कळ इंजिनांत तो काढला की बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, उघडाच राहतो आणि रेडिएटरकडे जाणारं कूलंट उलट कमी होतं.

भरल्यानंतर हवा काढणं ही अर्धी लढाई. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळू भरायचं आणि फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवायचं. आधी पंपाने आतली हवा ओढून, म्हणजे व्हॅक्यूमने, भरत असाल तर तुम्ही लक्षात आणून दिलेली गोष्ट इथे नोंदवतो: इथल्या उंचीवर हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा सुमारे ०.०८ बारने कमी, म्हणून गेजचा काटा पणजीत जितका खाली जाईल तितका बेळगावात जाणार नाही. पंप खराब नसतो. काटा जिथे पोचला तिथे पाच मिनिटं स्थिर राहिला की झालं.

घाटात दिवा लागला किंवा काटा हलला, तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरम, गाडी कडेला. बोनेटमधून वाफ येत असेल किंवा हीटरची हवा थंड असेल तर त्याच क्षणी इंजिन बंद. वाटेवरच्या कणकुंबीपर्यंत पोचू, जांबोटीपर्यंत पोचू, या हिशेबातच हेड वाकतं. कोरड्या इंजिनावर दोन किलोमीटरही जास्त आहेत. जंगलात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून येणाऱ्या गाडीला थांबवून निरोप द्यावा. टोपण तासभर उघडू नये, आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये. नंतर गाडी उचलून न्यावी, ओढून नाही.

ज्यांचं हेड उतरलंच, त्यांच्यासाठी तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये स्वतः उभं राहून काम करून घेतलंत. स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) हेड आडवं, उभं आणि तिरपं तपासायचं. अशा हेडला ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक नको. पण नुसत्या फेसिंगवर, म्हणजे हेड घासून सपाट करण्यावर, तुम्ही थांबत नाही. फार तापलेलं अॅल्युमिनियम मऊ पडतं, त्याची हार्डनेस मोजल्याशिवाय ते हेड परत बसवू नये. फौंड्रीच्या गावात ही तपासणी करून मिळते, तरी ती मागणारा मिस्त्री विरळा. हेड बोल्ट दर वेळी नवे, कारण ते एकदाच ताणायचे असतात. आणि बोल्टच्या भोकांत साचलेलं कूलंट हवेने उडवून काढायचं, नाहीतर बोल्ट आवळताना खालचा द्रव दबून ब्लॉकच तडकतो.

कागदांबद्दलही तुम्हीच जागं केलंत. बिलं कन्नड-इंग्रजीत असली तरी प्रत्येक ओळ तुम्ही मराठीत समजावलीत आणि काढलेला जुना भाग, रेघेचे तारखेसकट फोटो, किलोमीटरची नोंद जपून ठेवायला लावलीत. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही. दोषाबद्दल दाद मागायची तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तिथे तोंडी सांगण्यापेक्षा प्रेशर टेस्टचा कागद चालतो. तो कागद तुम्ही प्रत्येकाला न मागता सही करून दिलात, त्याचे पैसे घेतले नाहीत. तुमच्या कामाचे तास त्यात किती गेले याची आम्हाला कल्पना आहे.

वस्ताद, लिहिताना एखादा आकडा चुकला असेल तर सांगा, दुरुस्त करून पुन्हा सगळ्यांना पाठवू. आणि ज्या पाच गाड्यांची नळी अजून बदलायची राहिली आहे त्या पाऊस सुरू व्हायच्या आत तुमच्याकडे येतील. नळ्या, स्प्रिंग क्लिपा आणि कूलंट आम्ही आणून ठेवलं आहे.

तुमचे कृतज्ञ,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले गाडीमालक